बहारीनला गेला तो कोण?

१

मायकल स्वतःच्याच मयताच्या मिस्साला आला, आणि तोही उशिरा.

हसू नका. त्रेपन्न सालच्या त्या सकाळी वसईच्या पाचूबंदरच्या चर्चमध्ये जे होते त्यांतल्या कोणालाही विचारा. मी होतो. मी नरहरी चुरी, राहणार वटार. परदेशी कामाला जाणाऱ्या मजुरांचे करार तपासायचं सरकारी ऑफिस मुंबईत आहे, तिथे उभी हयात घासून तेव्हा नुकताच पेन्शनीत निघालो होतो. पेन्शनीतल्या माणसाला लोक दोन कामांना बोलावतात, मयताला आणि फुकटच्या सल्ल्याला. फ्रेडरिकशेठने मला दोन्हींना बोलावलं होतं.

फ्रेडरिक मच्याडोचा बंदरावर होड्या-गलबतांच्या दुरुस्तीचा कारखाना. आखातातल्या बहारीनच्या एका कंपनीची गलबतं दुरुस्त करायचं काम त्याला मिळालं, तेव्हा आपले सुतार मुदतीवर तिकडे कसे धाडायचे हे विचारायला तो माझ्या ओटीवर आला होता. मी त्याला सगळं पढवलं. करार मराठीत वाचून दाखव, सुतारकामाची परीक्षा घे, डॉक्टरकडून तपासणी करून घे, माणूस स्वतः ओळखून बोटीवर चढव, परतीच्या भाड्याची हमी दे, आजारपण आणि अपघात तुझ्या माथी. सुतार गेले. काही महिन्यांनी तार आली, मायकल अपघातात गेला, तिकडेच पुरला.

मिस्साची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी चर्चच्या अंगणात शेठ डोळ्यांना रुमाल लावून उभा होता. "चुरीसाहेब, तुम्ही सांगितलंत तसं अक्षर न् अक्षर केलं हो! धक्क्यावरसुद्धा मुकादमावर नाही सोडलं. एकेकाचं तोंड बघून, नावाने हाक मारून, कागद हातात देऊन मी स्वतः बोटीवर चढवलं. फादर, विचारा साहेबांना, कायदा असाच आहे की नाही? आणि मायकल तर माझा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याला मीच त्याला हातांत धरला होता."

फादरनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. मीही मान हलवली. शिकवलेला धडा कोणी पाळला की मास्तरला बरं वाटतंच.

आत मायकलची आई आग्नेस पुढच्या बाकावर बसली होती. पायाशी एक पत्र्याची ट्रंक. सेबेस्टियन नावाचा सुतार बहारीनहून रजेवर आला, त्याने ती पोराची शेवटची वस्तू म्हणून आणून दिली होती. बाईने ती उघडलीही नव्हती. फादरनी "आमचा बंधू मायकल" म्हणून सुरुवात केली आणि मागचं दार करकरलं.

दारात मायकल. पिवळा पडलेला, हाडं वर आलेली, पायांना मिठागराचा चिखल.

बायका किंचाळल्या. एकाने तर बाकाखाली बुडी मारली. आग्नेस मात्र उठली, चालत त्याच्यापर्यंत गेली आणि फाडकन त्याच्या मुस्कटात दिली. गाल गरम लागला तेव्हा तिची खात्री पटली असावी, मग ती त्याच्या गळ्यात पडून जी रडली ती काही केल्या थांबेना.

सगळं चर्च मायकलकडे बघत होतं. माझी खोड अशी की जिकडे सगळे बघतात तिकडे मी बघत नाही. मी फ्रेडरिकशेठकडे बघितलं. तो सेबेस्टियनकडे बघत होता.

बाहेर घंटा वाजवायला लागले, पोरं नाचायला लागली. मला काही ते सुचेना. मायकल इथे आहे, ठीक, देवाची कृपा. मग बहारीनला मातीखाली कोण आहे?

२

आग्नेसच्या ओटीवर मायकलला भाताची पेज दिली आणि मी समोर बसलो.

"बोल बाबा. तू मेला नाहीस हे कळलं. गेला का नाहीस ते सांग."

"कावीळ झाली, साहेब. ऑफिसात साहेबाफुडं उभा राहिलो, डॉक्टरने पास केला, अन् बोट लागायच्या वक्ताला डोले पिवले. शेठचा काळूराम मुकादम बोलला, कागद दे, रद्द करून आनतो. अन् तू जूचंद्रला मिठागरावर माझ्या वलखीच्या मानसाकडं राहा. कोनाला तोंड दाखवू नको. एक मानूस कमी पडला असं कललं तर समद्यांचीच परवानगी जाईल, गाव तुला शिव्या घालील."

"आईलासुद्धा नाही सांगितलंस?"

त्याने मान खाली घातली. "काल मिठागरावर कोनीतरी बोललं, पाचूबंदरच्या मायकलचा मिस्सा हाय. मग राहवलं नाय."

"तुझ्या कागदावर कोण गेलं?"

"आयशप्पत ठाऊक नाय."

काळूरामला गाठायला गेलो तर त्याच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, मायकल आल्याचं कळताच बिऱ्हाड उचलून गुजरातकडे गेला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

परत आलो तोवर फ्रेडरिकशेठ आग्नेसच्या अंगणात उभा राहून चार माणसांना समजावत होता. रुमाल खिशात गेला होता आणि आवाज चढला होता. "काळूरामने मला फसवलं! बोट सुटली त्या दिवशी मी तापाने फणफणलो होतो, अंथरुणातून उठलो नाही. कागद चोरून कोणी उपटसुंभ गेला, तर तो चोर. चोराने करारावर सही केलेली नाही, त्याचं नावगाव मला ठाऊक नाही. त्याच्या मरणाचं उत्तर मी कायद्याने कसं देणार? साहेब, तुम्हीच सांगा."

"विचार करून सांगतो," मी म्हटलं.

मी खरंच विचार करत होतो. हा म्हणाला ते मान्य केलं तर तो मेलेला माणूस जगातून पुसलाच गेला. कुठेतरी कोणी बाई त्याची वाट बघत असणार. तिला कोणी तार करणार नाही, नुकसानभरपाई देणार नाही, आणि ती जन्मभर दाराकडे बघत बसणार. अंगाची लाही झाली माझ्या.

निघताना आग्नेसने ट्रंक माझ्यापुढे सरकवली. "भाऊ, ही घेऊन जा. माझ्या पोराची नाय. ज्या मायच्या पोराची हाय तिला दे."

३

ट्रंक घेऊन वटारला घरी आलो तर ओटीवर सावित्रीबाई, म्हणजे आमचं कुटुंब, आणि शेजारची रुक्मिणी तांदूळ निवडत होत्या. रुक्मिणीचा नवरा पांडुरंग राऊत. त्यांचा पानमळा गेल्या साली मर रोगाने बसला, वेलीच्या वेली काळ्या पडल्या. मग पांडू मुंबईला गिरणीत लागला. तसं सांगून गेला.

"काका, आता मुंबईला गेलात की गिरणीत चौकशी कराल?" रुक्मिणी म्हणाली. "फाल्गुनात येतो म्हणाले होते. फाल्गुन गेला. नवीन वेली मी लावल्यात, पण बांधायला त्यांचाच हात हवा. माझं काही त्यांना पटत नाही. आणि त्यांची ती डावरी गाठ! मला मेली कधी सुटली नाही. सोडवायला गेलं की उलटी आवळते."

"नवरा डावरा केलास, आता भोग," सावित्री म्हणाली, आणि दोघी हसल्या.

रुक्मिणी सूप घेऊन गेली. मी ट्रंक उघडली. एक सदरा, दोन पंचे, एक रोझरीची जपमाळ, ती मायकल शोभावा म्हणून काळूरामने दिली असणार. सुताराची तासणी होती, तिच्या दांड्यावर घामाचा डाग नव्हता आणि धारेला नवेपणाचं तेल तसंच होतं. सुतार कामावर जाऊन हत्यार कोरं ठेवतो होय?

तळाशी एक लहानशी जुडी होती. खजुरीच्या पातीचे चिरून सारखे केलेले बंध, आणि त्यांच्याच एका बंधाने बांधलेले. सेबेस्टियनने कचरा समजून टाकले नाहीत हे नशीब.

"हे काय करायचं असतं तिकडे?" मी म्हटलं.

सावित्रीने जुडी हातात घेतली. माहेर पानमळ्याचं तिचं, जन्म वेलींत गेलेला. आम्ही केळीच्या वाळक्या सोपटाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, बंध करतो ना, अगदी तसेच. वेल शिडीवर चढून बांधायची असते, एक हात वेलीला, म्हणून बंधांची जुडी कमरेला लावतात आणि ढिली ठेवतात, एकेक बंध ओढला की निघावा. तिने गाठीखालून करंगळी घातली. करंगळी सहज गेली.

"हे बंदरावरच्या कोळ्याच्या हातचं नाही," ती म्हणाली. "कोळी गाठ मारतो ती आवळायला. बोट जाईल एवढी जागा ठेवायची सवय मळेवाल्याची. वेल जाड होते ना, तिला काच पडू नये म्हणून."

"खजुरीच्या देशात बांधायला वेल कुठली?"

"नव्हतीच. हाताला चैन पडली नसेल." मग तिने जुडी उजेडाकडे वळवली आणि तिचा चेहरा उतरला. "अहो, ही गाठ उलटी आहे. डाव्या हाताची."

तेवढ्यात कुंपणापलीकडून रुक्मिणीचा आवाज आला, "काकू, निवडलेले तांदूळ तिथेच राहिले का हो?"

सावित्रीने जुडी पदराखाली लपवली.

४

गाठ म्हणजे पुरावा नव्हे. डावरे मळेवाले वसईत काय एकच आहेत? खात्री झाल्याशिवाय कोणाचं कुंकू पुसायला जायचं नसतं. मी दुसऱ्या दिवशी मायकलला बरोबर घेऊन सेबेस्टियनकडे गेलो.

तो बंदरावर बोंबील सुकत घातलेल्या दोऱ्यांखाली बसला होता. मला बघून उठायला लागला. "बस," मी म्हटलं. "त्याचं नाव विचारत नाही. अपघात कसा झाला एवढं सांग."

"कागदावर मायकल होतं, आमी मायकलच बोलायचो," तो पाठ केल्यासारखं म्हणाला. मग जरा सैल झाला. "गलबत किनाऱ्यावर टेकूंवर उभं होतं. एका अंगाला कललेलं. टेकू बदलायचे होते. मी वरडलो, पन तो त्या कललेल्या अंगालाच वाकून टेकू काढत होता."

मायकल ताडकन म्हणाला, "कललेल्या अंगाला? येडा का खुला! बारका पोरगासुदा तिकडं उभा राहत नाय!"

"हो ना," मी म्हटलं. "सुतार उभा राहत नाही. मळेवाला राहतो. त्याला शिकवलं कोणी? सेबेस्टियन, आता एकच विचारतो. त्याचा टेकू काढणारा हात डावा होता ना?"

सेबेस्टियनने माझ्याकडे बघितलं आणि गुडघ्यांत डोकं खुपसलं.

"साहेब, मला परत जायचंय. माझा कागद शेठच्या हातात हाय."

"तुझा कागद सरकारने दिलाय, शेठने नव्हे. खरं बोलल्याबद्दल तो जात नाही, खोटं बोलल्याबद्दल जातो. ऑफिसात तुझ्याबरोबर मी स्वतः येईन."

मग तो बोलला. पांडू वटारचा. काळूरामने त्याला हेरला, मळा गेलेला, हाताला काम नाही. घरी गिरणी सांगायची, तिकडे मायकल म्हणवून घ्यायचं. बिचारा रात्री जेवणं झाली की पाती चिरत बसायचा, म्हणायचा, गावाला गेलो की वेली तयार असतील.

"फादर नव्हता तिकडं," सेबेस्टियन म्हणाला. "आमीच प्रार्थना बोललो. दोन फळ्यांचा क्रूस केला, वर मायकल लिहिलं. हिंदू मानूस, त्याला जालायचा हे ठाऊक होतं आमाला. पन जाललं असतं तर मायकल नाय हे कंपनीला कललं असतं ना! म्हनून पुरला. ते माझ्या जिवाला लागलंय, साहेब."

मायकलने छातीवर क्रूस केला. आपल्या जागी कोण मेलं ते त्याला आता कळत होतं.

"आणखी एक," मी म्हटलं. "धक्क्यावर कोण होतं?"

सेबेस्टियनने तोंड फिरवलं. "ते इचारू नका."

"बरं. मी दुसऱ्याला विचारतो."

५

फ्रेडरिकशेठच्या व्हरांड्यात मी फादरना घेऊन गेलो. मागोमाग आग्नेस आणि मायकल. सेबेस्टियन पायरीखाली थांबला, वर येईना.

"शेठ, मेलेल्याचं नाव कळलं," मी म्हटलं. "पांडुरंग राऊत, वटार. त्याला बायको आहे. आता त्याची जबाबदारी घ्या."

"मी काल सांगितलं ना! काळूरामचा उद्योग. मी तापाने आजारी—"

"काल अंगणात तसं म्हणालात खरे. पण त्याआधी, मायकल दारात उभा राहण्यापूर्वी, तुम्ही फादरच्या देखत काय म्हणालात? एकेकाचं तोंड बघून, हाक मारून, स्वतः बोटीवर चढवलं. फादर, खोटं सांगतो का मी?"

"तेच शब्द होते," फादर हलकेच म्हणाले.

शेठ लालेलाल झाला. "रडण्याच्या भरात माणूस काहीही बोलतो!"

"बोलतो. म्हणून मी दोन्ही धरून बघतो. समजा तुम्ही धक्क्यावर होतात आणि कायदा पाळलात. तर मग मायकल म्हणून हाक मारलीत तेव्हा समोर आलेलं तोंड तुमच्या धर्मपुत्राचं नव्हतं, हे तुम्हाला कळलंच. जाणूनबुजून दुसरा माणूस धाडलात. समजा नव्हतात. मग माणूस ओळखून चढवायची लेखी हमी मोडलीत आणि मुकादमाच्या हातात सगळं सोडलंत. मुकादम तुमचा, त्याने केलं ते तुम्ही केलं. आता सांगा, कुठल्या दाराने बाहेर पडता?"

"त्याने करारावर सहीच—"

"सही नसलेला माणूस तर जास्तच तुमचा! हा कायदा कागदांच्या रक्षणाला केलेला नाही शेठ, माणसांच्या केलाय. सुतारकामाची परीक्षा का घ्यायला लावतात? सुतार नसलेला माणूस कललेल्या गलबताखाली उभा राहू नये म्हणून. ती अट तुम्हाला कटकट वाटली, त्याला ती जिवावर पडली."

शेठ खुर्चीत बसला. हिशेबी माणूस, त्यातल्या त्यात हलका गुन्हा निवडला. "मी धक्क्यावर नव्हतो. तेवढी चूक झाली. कबूल."

"नाय!"

सेबेस्टियन पायऱ्या चढून वर आला होता.  "शेठ होते. पांडू शिडीवर चढताना शेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बोलले, आता तू मायकल. कोनी हाक मारली का वळून बघ. अन् मी रजेवर आलो तवा मला बोलले, आग्नेसला ट्रंक दे, रडू दे तिला, चार दिवसांनी इसरेल. मायकलला काळूराम गुजरातच्या बोटीवर लावील, परत यायचा नाय."

 आग्नेस पुढे आली. मला वाटलं, आता हिचा हात उठतो. तिने हात उचलला नाही.

"माझं पोर जितं हाय हे तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "अन् तू माझ्या शेजारी बसून रडलास, फ्रेडरिक."

 फादरनी कागद मागवला. पांडुरंग राऊत हा माझा धाडलेला कामगार, त्याच्या मृत्यूचं जे काही देणं आणि करणं आहे ते माझं, असं शेठने स्वतःच्या हाताने लिहिलं. पुढे ऑफिसात चौकशी झाली, त्याचा परवाना गेला, खटला चालला, ते सगळं रीतसर झालं. सेबेस्टियनचा कागद शाबूत राहिला. पण मला सांगायचंय ते वेगळंच.

६

रुक्मिणीला सांगायचं कोणी? करार कसा वाचून दाखवायचा हे मी जन्मभर लोकांना शिकवलं. ही एक गोष्ट वाचून दाखवायला जीभ उचलेना. "मी येते," सावित्री म्हणाली. वाटेवर बघतो तर आग्नेस. पाचूबंदरहून वटारपर्यंत आलेली, हातात मेणबत्ती.

रुक्मिणी मळ्यात होती. नव्या वेली कमरेएवढ्या झाल्या होत्या. आम्हा तिघांना एकदम बघून ती जागच्या जागी थांबली. सावित्रीने तिचा हात धरला आणि मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही मला. ती ओरडली नाही. खाली मातीत बसली आणि तिने विचारलं, "जाळलं का पुरलं?"

"पुरलं, पोरी. क्रूसाखाली. दुसऱ्याच्या नावाने. पण मी अर्ज केलाय, तिथे पांडुरंग राऊत लिहितील. क्रूस काढतील."

"म्हणजे त्यांच्यासाठी कोणी रडलंसुद्धा नाही," ती म्हणाली.

तेव्हा आग्नेस तिच्यासमोर मातीत बसली.

"मी रडले," ती म्हणाली. "तार आली तवापासून, रात न् दिस. पोरगा समजून रडले, पन मेलेला तुझा मानूस होता ना? मग त्याच्यासाठीच रडले मी. मिस्सा केला तो त्याचा. नाव तेवढं चुकलं गो, देवाला मानूस कलतो."

रुक्मिणीचा बांध तेव्हा फुटला. दोघी एकमेकींना धरून रडल्या, आणि मी म्हातारा कुंपणाकडे तोंड करून उभा राहिलो. मलाही रडू आलं, त्यात लपवायचं काय?

उन्हं उतरली तेव्हा सावित्रीने पदराखालून ती जुडी काढून तिच्या हातात दिली. रुक्मिणीने गाठ बघितली आणि ओळखली. सोडवायला गेली नाही. करंगळी घालून एक बंध ओढला, तो सहज निघाला. मग ती उठली आणि जमिनीवर लोळत असलेली एक वेल उचलून बांधायला लागली. आग्नेसला मळ्यातलं काही कळत नाही, तरी तिने वेल धरून ठेवली.

"जास्त आवळू नको गो मावशी," रुक्मिणी तिला म्हणाली. "बोट जाईल एवढी जागा ठेवायची. ते तसंच सांगायचे."